जुनी डिजिटल साधनं सांभाळायची कशी? संशोधन ग्रंथालयात ही जबाबदारी नव्याने घेणाऱ्यांसाठी

संशोधन ग्रंथालयाचा डिजिटल विभाग ताब्यात येतो म्हणजे नेमकं काय ताब्यात येतं? सीडींनी भरलेलं एक कपाट. कुणी हात लावू नये म्हणून टेबलाखाली सरकवलेला जुना संगणक. 'नवीन', 'नवीन २', 'फायनल', 'फायनल खरे' अशा फोल्डरांची एक हार्ड डिस्क. आणि एक संकेतस्थळ, जे चालतंय, पण ज्याने बनवलं तो माणूस कधीच सोडून गेलाय. या पसाऱ्यात वीस-पंचवीस वर्षांची मेहनत असते: हस्तलिखितांचे स्कॅन, लेखसूची, मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, प्रबंध, नकाशे.

हे पाहिलं की हात शिवशिवतात. कुणी नवं सॉफ्टवेअर शोधायला लागतं, कुणी सगळ्या फायली सरसकट पीडीएफ करायला घेतं. ही दोन्ही कामं शेवटची आहेत. मी या सगळ्यातून गेले आहे आणि माझं ठाम मत झालंय की इथे तंत्रापेक्षा क्रम महत्त्वाचा. आधी काय काय आहे ते मोजायचं. मग ते आहे तसं उचलून सुरक्षित ठेवायचं. मग उघडतंय का ते बघायचं. रूपांतराचा विषय त्यानंतर. क्रम उलटा केलात, तर रूपांतरात काय गळलं हे ताडून बघायला मूळ फाइलच हाताशी राहत नाही.

सुरुवातीला काय जमवायचं

कागदपत्रं आधी सांगते, कारण ती मिळवण्यातच जास्त वेळ जातो.

- दाखल नोंदवही आणि जुन्या प्रकल्पांचे अंतिम अहवाल
- स्कॅनिंगचं काम बाहेर दिलं असेल तर त्या कंत्राटाची प्रत. स्कॅन किती रिझोल्यूशनने केले आणि मूळ टिफ फायली कुणाच्या हवाली केल्या हे त्यातच सापडतं
- प्रकाशकांशी झालेले परवाना करार, दात्यांची देणगीपत्रं, मुलाखत देणाऱ्यांची संमतीपत्रं
- डोमेन नोंदणीची आणि सर्व्हरच्या भाड्याची शेवटची पावती, आणि ती ज्या ईमेल पत्त्यावर येते त्याचा पासवर्ड
- जुन्या सॉफ्टवेअरचे सीरियल नंबर, परवान्याच्या फायली, आणि असेल तर संगणकाच्या मागच्या पोर्टला लावायचं डोंगल (ही छोटी वस्तू जोडल्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही)

यंत्रांमध्ये: चांगला सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह (शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन, कारण पुढे येईल), साडेतीन इंची फ्लॉपीचा यूएसबी ड्राइव्ह, जुन्या हार्ड डिस्क जोडण्यासाठी राइट-ब्लॉकर (वाचू देतो पण डिस्कवर काही लिहू देत नाही), आणि मोकळी जागा भरपूर.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लागत नाहीत. डिस्कची प्रतिमा (म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल, एका फाइलमध्ये) घ्यायला डीडीरेस्क्यू किंवा गायमेजर, फायलींचा प्रकार ओळखायला ड्रॉइड किंवा सीगफ्रीड, पीडीएफ तपासायला व्हेरापीडीएफ, ध्वनिचित्रफायलींसाठी मीडियाइन्फो आणि एफएफएमपेग, जुने कार्यक्रम चालवायला डॉसबॉक्स. यातली बरीच हत्यारं एकत्र हवी असतील तर बिटक्युरेटर बघा. ते अभिलेखागारं आणि ग्रंथालयांसाठीच बांधलेलं आहे.

१. यादी करा, आणि ती कंटाळवाणी वाटली तरी पुरी करा

एक साधा तक्ता पुरतो. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक आणि पुढे हे रकाने: काय आहे, कशावर आहे, आकार किती, कुणी आणि कधी केलं, उघडायला काय लागतं, हक्क कुणाचे, शेवटचं कुणी वापरलं, आणि दुसरीकडे कुठे आहे का. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा. एखाद्या प्रकाशकाच्या नियतकालिकांची सीडी तुमच्याकडे असेल आणि तेच अंक लॉक्स किंवा पोर्टिकोसारख्या सामायिक जतनव्यवस्थेत असतील, तर त्या सीडीसाठी रात्रीचा दिवस करण्यात अर्थ नाही. पण तुमच्याच संशोधकाने पंधरा वर्षं खपून केलेली लेखसूची जगात दुसरीकडे कुठेही नसते. ती गेली की गेली.

कपाट मोजून थांबू नका. प्रबंधांच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक पाकीट चिकटवलेलं असतं आणि त्यात सीडी असते, ती कधी तालिकेत नोंदवलेली असते, कधी नसते. देणगीत आलेल्या कागदपत्रांच्या खोक्यांत फ्लॉप्या निघतात. पुस्तकांबरोबर आलेल्या डिस्क कुणीतरी 'सुट्या वस्तू' म्हणून वेगळ्या ठेवलेल्या असतात. शेल्फवर जाऊन पुस्तकं हातात घेतल्याशिवाय हे कळत नाही.

प्रत्येक डिस्कच्या लेबलचा आणि पाकिटाचा फोटो काढा. 'संच ३ पैकी २' असं पेनाने खरडलेलं असलं तरी तो पुरावा आहे. क्रमांक मात्र पाकिटावर लिहा, डिस्कवर नको. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली, लाखेच्या पातळ लेपाआड असतो. त्यामुळे चकचकीत बाजूवरच्या ओरखड्यापेक्षा लेबलच्या बाजूचा ओरखडा जास्त घातक. तिथे बॉलपेनने दाबून लिहिणं किंवा चिकटलेलं लेबल सोलून काढणं म्हणजे माहितीच खरवडणं. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधे असतो, म्हणून ती या बाबतीत जरा सोसते.

२. आधी कशाला हात घालायचा ते ठरवा

दोन प्रश्न विचारा. हे दुसरीकडे आहे का? आणि ज्यावर आहे ते किती दिवसांचं सोबती आहे? दोन्हींची उत्तरं वाईट असतील ती वस्तू सगळ्यात वर.

साधारण अनुभव असा की घरी बर्न केलेल्या सीडी आणि फ्लॉप्या आधी घ्याव्या. कारखान्यात छापलेल्या सीडीत माहितीचे खळगे ठशाने उमटवलेले असतात. बर्न केलेल्या सीडीत ती रंगद्रव्याच्या थरात असते आणि उष्णता-उजेडाने तो थर बिघडतो. ड्रॉवरमध्ये पडून असलेल्या बाह्य हार्ड डिस्क त्यानंतर, पण फार नंतर नको. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षं वीज न देता ठेवायच्या वस्तू नव्हेत.

चुंबकीय टेप असेल तर टेपपेक्षा ती वाचणाऱ्या यंत्राची काळजी आधी करा. एलटीओ या बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या टेपचे जुने ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचत असत. एलटीओ-८ पासून हे बदललं: ते फक्त एलटीओ-७ पर्यंत मागे जातं, आणि एलटीओ-९ फक्त ८ पर्यंत. म्हणजे कपाटात एलटीओ-६ च्या टेप आहेत आणि विभागाने हौसेने नवा ड्राइव्ह घेतला, तर त्या टेप त्याला वाचता येणार नाहीत. खरेदीच्या फायलीवर सही करण्यापूर्वी हे बघा.

३. वाहकावरून उचला

वाहक म्हणजे फ्लॉपी, सीडी, डिस्क, टेप, जे काही असेल ते. त्यावरून फायली ओढून कॉपी करण्याऐवजी अख्ख्या वाहकाची प्रतिमा घ्या. नुसत्या कॉपीत फायलींच्या तारखा बदलू शकतात, लपलेल्या फायली सुटतात, आणि मधे एक सेक्टर (डिस्कवरचा छोटा तुकडा) खराब निघाला की कॉपी तिथेच मोडते.

वाहक जोडण्याआधी त्यावर चुकूनही काही लिहिलं जाणार नाही याची तजवीज करा. फ्लॉपीत एक गंमत आहे. साडेतीन इंचीवर कोपऱ्यातली पट्टी सरकवून भोक उघडं केलं की लिहिणं बंद होतं. सव्वापाच इंचीवर बरोबर उलट: कडेची खाच झाकली की लिहिणं बंद. सव्वापाच इंचीसाठी बाजारात सरळ यूएसबी ड्राइव्ह मिळत नाही. जुना ड्राइव्ह आणि त्याला जोडायला ग्रीझवीझल किंवा क्रायोफ्लक्ससारखं कार्ड लागतं. दहा-वीसच फ्लॉप्या असतील तर हा खटाटोप स्वतः करू नका, ज्या संस्थेकडे ही जोडणी तयार आहे तिची मदत घ्या.

डीडीरेस्क्यू वापरताना त्याची नकाशाफाइल जपून ठेवा. कोणता भाग वाचला गेला, कोणता अडला याची नोंद तीत असते. एका ड्राइव्हवर ९० टक्के वाचून सीडी अडली, की तीच प्रतिमा आणि तीच नकाशाफाइल घेऊन दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हवर पुन्हा चालवा. ते फक्त राहिलेल्या जागा वाचायचा प्रयत्न करतं, आणि पुष्कळदा पहिल्याने सोडलेलं दुसरा वाचतो. दोन ड्राइव्ह घ्या म्हटलं ते यासाठी.

या टप्प्यावरचे सापळे:

- बुरशी दिसणारी फ्लॉपी किंवा टेप ड्राइव्हमध्ये घालू नका. ती खराब होतेच, वर ड्राइव्हचं डोकं माखून पुढच्या चांगल्या डिस्कही बिघडवते.
- हार्ड डिस्क कटकट आवाज करत असेल तर लगेच बंद करा आणि माहिती परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे द्या. 'अजून एकदा लावून बघू' ही सगळ्यात महाग पडणारी सवय.
- संगणक विचारतो, "या डिस्कमध्ये दोष आहेत, दुरुस्त करू का?" नाही म्हणा. दुरुस्ती म्हणजे मूळ डिस्कवर लिहिणं.
- जुन्या दस्तऐवजांत मॅक्रो व्हायरस निघतात. प्रतिमा एका वेगळ्या, नेटवर्कला न जोडलेल्या संगणकावर तपासा. व्हायरस सापडला म्हणून अँटीव्हायरसला मूळ प्रतिमेतली फाइल पुसू देऊ नका. नोंद करा, आणि वाचकांना द्यायची प्रत तेवढी साफ करा.

४. ठसा घ्या आणि पोतडी बांधा

प्रत्येक फाइलचा चेकसम काढा. फाइलच्या मजकुरावरून गणित करून काढलेली ती अक्षरांची एक ठरावीक लांबीची माळ असते; फाइलमधला एक बिट बदलला तरी माळ पार वेगळी येते. चेकसम काढायची पद्धत म्हणून आज शा-२५६ वापरावं. जुन्या नोंदींत एमडी-५ ही आधीची पद्धत असेल तर टाकून देऊ नका, आपोआप झालेला बिघाड ओळखायला ते अजूनही पुरतं. मुद्दाम केलेली अदलाबदल ओळखायला मात्र त्यावर भरवसा नको.

हे सगळं एकत्र ठेवायची सर्वमान्य पद्धत म्हणजे बॅगइट, म्हणजेच आपली पोतडी. २०१८ मध्ये ती इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेत आरएफसी ८४९३ म्हणून प्रसिद्ध झाली. एक फोल्डर, त्यात खऱ्या फायलींचा उपफोल्डर, आणि बाहेर साध्या मजकुरात चेकसमची यादी, बस्स. कोणतंही खास सॉफ्टवेअर नसलं तरी पन्नास वर्षांनी कुणीही नोटपॅडमध्ये ती यादी उघडून समजून घेऊ शकेल. मला ती आवडते ती याच कारणासाठी.

देवनागरी नावांच्या फायलींबाबत एक बारकावा, जो इतरांच्या मार्गदर्शिकांत सापडणार नाही. 'ऱ' हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकच वर्ण म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असं जोडून. जुन्या मॅकची फाइलव्यवस्था नावातली अशी अक्षरं सुटी करून ठेवत असे. त्या डिस्कवरची 'बखरींच्या तऱ्हा' नावाची फाइल लिनक्स सर्व्हरवर आणली की डोळ्यांना नाव तेच दिसतं, पण संगणकाच्या लेखी ते वेगळं असतं, आणि तपासणीत 'फाइल सापडत नाही' असा शेरा येतो. फाइल शाबूत असते. घाबरून पुन्हा कॉपी करण्याआधी नावाचं हे रूप बघा. नव्याने नावं द्यायची असतील तर रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढ्यावर भागवा. मूळ नाव तक्त्यात नोंदवा. विंडोजमध्ये फोल्डरांसकट नावाची लांबी २६० अक्षरांवर गेली तरी अनेक कार्यक्रम अडतात, हेही ध्यानात असू द्या.

५. तीन प्रती ठेवा, आणि एक परत चालू करून बघा

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. हा नियम सगळ्यांना पाठ असतो. अडतं ते पुढच्या दोन गोष्टींवर.

पहिली: सिंक म्हणजे प्रत नव्हे. ढगात (क्लाउडमध्ये) आपोआप जुळवून घेणाऱ्या फोल्डरमधून इथे एक फाइल पुसली, की तिथलीही जाते. खंडणीखोर व्हायरसने इथली फाइल कुलूपबंद केली, की तिथे कुलूपबंद फाइलच चढते. तीनपैकी एक प्रत तरी नेटवर्कपासून तोडलेली हवी.

दुसरी: प्रत असणं आणि ती चालू करता येणं यात फरक आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. मार्च २०२४ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि तो या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. डिजिटल संग्रहांच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या. पण त्या ज्यावर परत चढवायच्या, ती धड यंत्रणाच उरली नव्हती. जुन्या प्रणालींपैकी काहींना बनवणाऱ्याचा आधार संपलेला, काही नव्या सुरक्षित यंत्रणेवर चालेनात. एवढ्या मोठ्या ग्रंथालयाची ही गत, तर टेबलाखालच्या संगणकावर विसंबलेल्यांनी काय ते समजावं.

म्हणून वर्षातून एकदा एखादा संग्रह निवडा, कोऱ्या संगणकावर फक्त दूरच्या प्रतीतून तो उभा करा, आणि वाचकासमोर पान उघडेपर्यंत काय काय लागलं ते लिहून ठेवा. पासवर्ड, फॉन्ट, डेटाबेसची आवृत्ती, सगळं. ही कवायत टाळू नका.

६. काय आहे ते ओळखा. नावावर जाऊ नका

फाइलच्या शेपटावरून तिचा प्रकार ठरवणं धोक्याचं. 'डॉट डॉक' असलेली फाइल वर्डची असेलच असं नाही. वर्डपरफेक्टमध्येही लोक तेच शेपूट लावत. ड्रॉइड आणि सीगफ्रीड फाइलच्या आतल्या खुणा बघून प्रकार सांगतात आणि त्यासाठी ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची प्रोनॉम ही नोंदवही वापरतात. सगळ्या संग्रहावर हे एकदा चालवा. निघालेल्या यादीत तीन ढीग होतात: जे सहज उघडतं, जे आडवाटेने उघडतं, आणि जे कशाने उघडायचं तेच कळत नाही. लक्ष तिसऱ्या ढिगाकडे द्या, पण घाई दुसऱ्याची करा. आज जी आडवाट आहे ती उद्या बंद होते.

पीडीएफ सगळे सारखे नसतात. दीर्घकाळ टिकवण्यासाठी २००५ साली आयएसओ १९००५ या मानकाने पीडीएफ-ए आलं, ज्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावे लागतात. व्हेरापीडीएफ ते तपासतं. फाइल स्वतःला पीडीएफ-ए म्हणवते आणि तपासणीत नापास होते, असं भरपूर दिसेल.

७. जुने डेटाबेस: इथे वेळ द्या

मला विचाराल तर ग्रंथालयाचं सगळ्यात मोलाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित डिजिटल धन इथे असतं. स्कॅन पुन्हा करता येतात. माणसांनी बसून भरलेल्या हजारो नोंदी पुन्हा भरल्या जात नाहीत.

युनेस्कोचं सीडीएस-आयसिस हे डेटाबेस सॉफ्टवेअर १९८५ नंतर जगभरच्या ग्रंथालयांनी वापरलं. तुमच्या जुन्या तालिका त्यात असण्याची शक्यता मोठी. त्यात नोंदी एमएसटी फाइलमध्ये असतात आणि त्यांचा ठावठिकाणा एक्सआरएफ फाइलमध्ये. पण नोंदीत 'शीर्षक', 'लेखक' असे शब्द नसतात. नुसते क्षेत्रांचे आकडे असतात, आणि क्षेत्राच्या पोटात टोपीचं चिन्ह लावून ए, बी, सी असे उपविभाग. कोणता आकडा म्हणजे काय, हे एफडीटी नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असतं. कुणी जागा वाचवायला फक्त एमएसटी जपून ठेवली असेल, तर क्षेत्र ७० म्हणजे लेखक की अनुवादक हे नोंदी वाचून ताडत बसावं लागतं. म्हणून फोल्डर अख्खा उचला, एकही फाइल फालतू समजू नका.

बाहेर काढताना आयएसओ २७०९ या, ग्रंथालयांतल्या नोंदींच्या देवाणघेवाणीच्या स्वरूपात निर्यात करा. आयसिस ही फाइल ८० अक्षरांच्या ओळींत तोडून लिहितं. मार्क (ग्रंथालयांच्या नोंदींचं प्रचलित स्वरूप) वाचणाऱ्या नव्या साधनांना मधले ओळतोड चालत नाहीत आणि ती 'फाइल खराब आहे' म्हणतात. खराब काही नसतं. ओळी जोडून घ्या, मग चालते.

डीबेस या जुन्या डेटाबेस कार्यक्रमाच्या फायलींत दोन खोड्या आहेत. लांबलचक टिपा मुख्य डीबीएफ फाइलमध्ये नसतात, त्याच नावाच्या डीबीटी फाइलमध्ये असतात. ती मागे राहिली तर नोंद येते, टीप येत नाही, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरी खोडी: डीबेसमध्ये 'पुसलेली' नोंद खरं तर पुसली जात नाही, तिच्यावर फक्त तारांकन पडतं. काही रूपांतरकं ते तारांकन बघत नाहीत, आणि तुमच्या पूर्वसूरींनी काढून टाकलेल्या दुबार नोंदी पुन्हा जिवंत होतात. आधी आणि नंतर नोंदींची संख्या मोजा, दोन्ही आकडे लिहून ठेवा.

निर्यात झालेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका. दाखल क्रमांक ००४५१७ चा ४५१७ होतो, ३-४ अशी पृष्ठसंख्या तारीख होऊन बसते, आणि सेव्ह केलंत की ते कायमचं. मजकूर म्हणून आयात करा.

आता देवनागरी. युनिकोड रुळण्याआधीचा मजकूर इस्कीत (भारतीय लिप्यांच्या जुन्या मानक संकेतपद्धतीत) असेल तर नशीब समजा. युनिकोडचा देवनागरी भाग इस्कीच्याच आराखड्यावर बेतलेला आहे, रूपांतर बऱ्यापैकी सरळ होतं. पण पुष्कळ मजकूर नुसत्या फॉन्टच्या जोरावर मराठी दिसणारा असतो: आत रोमन अक्षरं आणि चिन्हं, वर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट नसला की सगळी खिचडी. त्यासाठी फॉन्टचं नेमकं नाव शोधा आणि फॉन्टची फाइलही पोतडीत ठेवा. रूपांतरक चालवल्यावर पहिली वेलांटी आणि रफार असलेले शब्द डोळ्यांखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, आणि जोडाक्षर आलं की रूपांतरक इथेच घसरतात. 'स्थिती', 'कीर्ती', 'ऱ्हस्व', 'वर्षं' असे शब्द काढून तपासा. ते पास झाले तर बाकीचं बहुतेक ठीक.

८. जुनी संकेतस्थळं

ब्राउझरमध्ये हलती, संवादी पानं चालवणाऱ्या फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने मजकूर दाखवणंच थांबवलं. फिरवून बघायचे नकाशे, पानं उलटणारी ई-पुस्तकं, आभासी प्रदर्शनं त्या दिवशी काळी पडली. मूळ एसडब्ल्यूएफ फायली सर्व्हरवर असतील तर रफल हा अनुकारक (जुन्या यंत्राची किंवा कार्यक्रमाची नक्कल वठवणारं सॉफ्टवेअर) त्यांतल्या बऱ्याच ब्राउझरमध्ये चालवतो. म्हणून 'चालत नाही' म्हणून त्या पुसू नका.

पीएचपी ५.६ या, संकेतस्थळं बांधायच्या भाषेच्या जुन्या आवृत्तीवर बांधलेली स्थळंही अशीच: तिचा सुरक्षा-आधार २०१८ च्या अखेरीस संपला. असं स्थळ चालतंय म्हणून इंटरनेटवर उघडं ठेवणं म्हणजे घुसखोरांना दार मोकळं ठेवणं. ज्या स्थळात आता नवी भर पडत नाही, त्याची साधी स्थिर एचटीएमएल पानं करून ठेवावीत हे उत्तम. शिवाय ब्राउझरट्रिक्ससारख्या साधनाने त्याची वॉर्क फाइल (संकेतस्थळाची पानं एकत्र साठवणारी) घ्या. हे आयएसओ २८५०० मानकाचं स्वरूप आहे.

इथला मोठा सापळा म्हणजे शोधपेटी. स्थळाची नक्कल घेणारं साधन दुव्यांवरून चालत जातं. शोधपेटीत शब्द टाकून ते काही शोधत बसत नाही. त्यामुळे ज्या नोंदी फक्त शोधूनच दिसतात त्या नक्कलीत येत नाहीत. नक्कल सुंदर दिसते, आत डेटाबेस नसतो. तो सर्व्हरवरून वेगळा उतरवून घ्या.

जुने पत्ते मोडू नका. लोकांनी ते प्रबंधांच्या तळटीपांत छापलेत. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय ठेवा. डीओआय, हँडल किंवा एआरके असा कायमचा ओळखक्रमांक घेतलात तरी त्यामागचा पत्ता बदलल्यावर तो अद्ययावत करणारा माणूस लागतोच.

९. आता रूपांतर, किंवा अनुकरण

इथवर आलात की रूपांतराला हरकत नाही. चित्रांसाठी टिफ, ध्वनीसाठी वेव्ह, चलचित्रासाठी मात्रोस्कामधलं एफएफव्ही-१, मजकुरासाठी युनिकोडमधला साधा मजकूर किंवा पीडीएफ-ए. जेपीईजीचं टिफ करून दर्जा वाढत नाही, फक्त जागा जाते. मूळ जेपीईजीच असेल तर तेच जपा. आणि मूळ फाइल कधीही टाकू नका, रूपांतर कितीही चांगलं झालेलं असो.

काही गोष्टींचं रूपांतर होतच नाही. संवादी सीडी-रॉम, स्वतःचा शोध-कार्यक्रम असलेला कोश, यांत अर्थ चालण्यात असतो. तिथे जुना संगणकच सॉफ्टवेअरने उभा करावा लागतो: डॉससाठी डॉसबॉक्स, पुढच्यांसाठी क्यूईएमयू किंवा ८६बॉक्स. १९८६ चा बीबीसी डोम्सडे प्रकल्प याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. लाखो लोकांच्या सहभागाने केलेली ब्रिटनच्या जनजीवनाची ती पाहणी खास लेझर डिस्कवर आणि बीबीसी मास्टर संगणकावर चालायची. पुढची पंधरा-सोळा वर्षं सरेपर्यंत चालणारी यंत्रं दुर्मीळ झाली, आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांच्या कॅमिलिऑन प्रकल्पाने २००२ मध्ये ती अनुकारकावर चालवून दाखवली. डोंगल लागणारं सॉफ्टवेअर असेल तर अनुकारकातही ते डोंगल मागतं, म्हणून वर कागदपत्रांच्या यादीत त्याचं नाव घेतलं.

१०. वर्णन, हक्क आणि हातबदल

वर्णनात गुंतून पडू नका. डब्लिन कोअर या वर्णनाच्या साध्या मानकाचे मोजके रकाने आणि 'ही फाइल कुठून आली, तिच्यावर काय काय केलं' याची तारखेसह नोंद, एवढं आधी पुरे.

हक्कांचं मात्र आजच बघा. सीडीबरोबर आलेला परवाना पुष्कळदा एकाच संगणकावर वापरायचा असतो. जतनासाठी प्रत काढायची मुभा आणि ती सगळ्यांना ऑनलाइन दाखवायची मुभा या वेगळ्या गोष्टी. मुलाखत देणाऱ्याने कॅसेटसाठी दिलेली संमती इंटरनेटला लागू होते का, हे संमतीपत्रात वाचा. पत्रच नसेल तर ध्वनिमुद्रण ग्रंथालयाच्या आवारातच ऐकवा.

आपण कुठवर आलो हे जोखायला एनडीएसए या डिजिटल जतनावर काम करणाऱ्या अमेरिकी संघटनेची जतनपातळ्यांची तालिका वापरा. २०१३ ची ही तालिका २०१९ मध्ये सुधारली गेली. साठवण, अखंडता, नियंत्रण, वर्णन आणि आशय अशा पाच अंगांना चार पातळ्या. एका पानात मावते आणि वरिष्ठांपुढे निधी मागताना ठेवायला फार उपयोगी पडते. सगळीकडे चौथी पातळी गाठायचा अट्टाहास नको. बहुतेक संग्रहांना दुसरी पुरते, अनन्य असलेल्यांना तिसरी.

शेवटी दोन पानांचं एक हातबदल-पत्र तयार करा: यादी कुठे आहे, तिन्ही प्रती कुठे आहेत, चेकसम शेवटचे कधी तपासले, डोमेनचं नूतनीकरण कोणत्या महिन्यात आणि कोणत्या खात्यातून होतं, कोणत्या संग्रहावर हक्कांची अडचण आहे. डोमेन आणि ढगातलं खातं कुणाच्या वैयक्तिक ईमेलवर असेल तर ते या आठवड्यात पदाच्या ईमेलवर वळवून घ्या. पत्र छापून ग्रंथपालांच्या फायलीत एक आणि माहिती-तंत्र विभागाच्या फायलीत एक लावा, आणि दर वर्षी परत-उभारणीची कवायत झाली की त्यावर नवी तारीख घाला.